रोजची भाकर आणि उद्याची चिंता : ख्रिस्ती आनंदाचा विचार

बायबलमध्ये चिंतेचा विचार पोटापासून सुरू होतो. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक रानात आले आणि भाकरीसाठी कुरकुरू लागले. उपाशी मरण्यापेक्षा गुलामगिरीत पोटभर खाणे बरे होते, असे त्यांना वाटू लागले. निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात या कुरकुरीला मिळालेले उत्तर सांगितले आहे. रोज सकाळी जमिनीवर मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, पडे. ज्याने त्याने आपल्या घरच्या माणसांपुरता तो गोळा करावा आणि दुसऱ्या दिवसासाठी मागे ठेवू नये, असा नियम होता. ज्यांनी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती आणि तो साठा नासत नसे, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता.

या कथेतील नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. साठवण सरसकट निषिद्ध नाही. भीतीपोटी केलेली साठवण नासते, विसाव्यासाठी केलेली टिकते. मान्ना दारात पडत असला तरी तो उजाडताच उठून वेचावा लागे, म्हणजे कष्टही सुटलेले नाहीत. तजवीज, कष्ट आणि विसावा ही तिन्ही जागच्या जागी ठेवून उद्याच्या भीतीला तेवढे वजा केले आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत दिवसापुरत्या भाकरीची जी मागणी आहे तिला याच कथेची पार्श्वभूमी आहे. ख्रिस्ती परंपरेतील चिंतेविषयीची पुढची सारी शिकवण या एका दिवसाच्या मापाभोवती फिरते.

डोंगरावरील प्रवचन

चिंतेवरचे ख्रिस्ती धर्मातील मूळ प्रवचन मत्तयाच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. ते कोणापुढे झाले हे लक्षात घेतले नाही, तर खाऊनपिऊन सुखी माणसाला केलेला उपदेश म्हणून ते वाचले जाते. गालीलातील श्रोते मासेमार, कूळ, कारागीर आणि रोजंदार होते. हेरोद अंतिपाचा आणि मंदिराचा कर भरून उरेल त्यात त्यांना भागवावे लागे. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला याच जगातला आहे. त्यात काम मिळावे म्हणून माणसे दिवस मावळायला आला तरी बाजारात ताटकळत उभी असतात आणि दिवसाची मजुरी एक दिनार असते. काय खावे आणि काय पांघरावे हा प्रश्न या श्रोत्यांना खरोखरच पडत असे.

प्रवचनात चिंता करू नका ही आज्ञा तीनदा येते. तिच्या आधीचे वाक्य देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हे आहे. लूक हाच उपदेश वेगळ्या जागी ठेवतो. त्याच्या शुभवर्तमानात तो एका श्रीमंत शेतकऱ्याच्या दाखल्यानंतर येतो. पीक अमाप आले म्हणून हा शेतकरी जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. दोन्ही शुभवर्तमानकारांची मांडणी एकच गोष्ट सुचवते. गरिबाची धास्ती आणि श्रीमंताची हाव या वरवर परस्परविरुद्ध दिसतात, पण दोघांचाही जीव साठ्यावरच टांगलेला असतो. एकाला साठा नाही म्हणून झोप नाही, दुसऱ्याला तो पुरेल की नाही म्हणून नाही. त्यामुळे येशूच्या शिकवणीत चिंतेचा प्रश्न स्वभावाचा कमी आणि निष्ठेचा अधिक आहे. माणूस शेवटी कोणाच्या भरवशावर जगतो, हे त्याच्या चिंतेवरून कळते.

पाखरे आणि रानफुले यांचा दाखला या उपदेशाचा सर्वांत प्रसिद्ध भाग आहे. तो सोपा वाटतो, तितका नाही. पाखरे पेरत नाहीत, पण दिवसभर चारा शोधत हिंडतात. रानफुले शलमोन राजापेक्षा सुंदर दिसतात, पण ते गवत उद्या भट्टीत जाणार आहे हेही येशू त्याच दमात सांगतो. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात चिमणीचा उल्लेख येतो, तेथे ती जमिनीवर पडणारच नाही असे आश्वासन नाही. ती पडते तेव्हाही पित्याच्या नजरेआड नसते, एवढेच सांगितले आहे. ज्याचा त्याचा दिवस स्वतःचे दुःख घेऊन येतो या कबुलीवर प्रवचनाचा हा भाग संपतो. विश्वास ठेवणाऱ्याच्या वाट्याला संकट येणार नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. उद्याचे ओझे आजच्या ओझ्यावर चढवू नये आणि मोकळ्या झालेल्या बळाने आधी देवाचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व शोधावे, असा त्याचा रोख आहे. चिंता सुटणे हे येथे साध्य नसून त्या शोधासाठी हात मोकळे करण्याची वाट आहे. ख्रिस्ती जीवनातील उत्कटतेचा उगम येथे सापडतो.

शोकाला जागा

आनंदाची आज्ञा असलेल्या धर्मात शोकाला किती जागा आहे, यावर त्या आनंदाचा खरेपणा ठरतो. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत. त्यांत देवाला जाब विचारला जातो, शत्रूंची तक्रार केली जाते, रात्रभर रडून अंथरूण भिजल्याचे सांगितले जाते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र अंधारातच संपते, आणि तेही उपासनेच्या ग्रंथात राखले गेले आहे. पंचावन्नाव्या स्तोत्रात आपला भार देवावर टाकण्याचा उपदेश आहे. पण त्याच्या आधी काळजाचे पाणी झाल्याचे आणि पंख फुटते तर दूर उडून गेलो असतो असे वाटल्याचे सविस्तर वर्णन येते. भार टाकण्यापूर्वी तो कसला आहे हे बोलून दाखवावे लागते, असा हा क्रम आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातील चिंतेविषयीचा उपदेश याच स्तोत्राचा पडसाद आहे.

येशूच्या अटकेआधीची गेथशेमाने बागेतील रात्र हा शोकाला जागा असल्याचा सर्वांत मोठा पुरावा. ज्याने उद्याची चिंता करू नये म्हणून शिकवले, तोच येशू तेथे अतिशय व्याकूळ होतो, मित्रांना जागे राहण्याची विनंती करतो आणि दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना करतो. म्हणून भीती वाटणे हे ख्रिस्ती विचारात पाप ठरत नाही. प्रश्न उरतो तो भीती घेऊन माणूस कोठे जातो एवढाच. स्वतःच्या मनात ती घोळवत बसतो, की देवापुढे आणि सोबत्यांपुढे मांडतो?

पौलाने गिरवलेला धडा

प्रेषित पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचे आहे. आनंदाचा उल्लेख त्यात इतक्यांदा येतो की त्याला आनंदाचे पत्र म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते लिहिताना पौल बंदिवासात होता आणि सुटका की मृत्यू याचा निकाल लागलेला नव्हता. फिलिप्पै हे मासेदोनियातील रोमन वसाहतीचे शहर. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेच्या घरापासून तेथील मंडळी वाढली. त्याच शहरात पौल आणि सीला यांना छड्या मारून तुरुंगात टाकले होते आणि मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत स्तोत्रे गात होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. म्हणून या मंडळीला आनंदाची गोष्ट सांगण्याचा अधिकार पौलाला होता.

चौथ्या अध्यायातील उपदेशाचा संदर्भ अगदी घरगुती आहे. युवदिया आणि सुंतुखे या मंडळीतील दोन कष्टाळू स्त्रियांचे बिनसले होते. त्यांनी एकचित्त व्हावे अशी विनवणी केल्यानंतर लगेच पौल आनंद करण्यास सांगतो आणि कशाचीही चिंता न करता मागण्या उपकारस्तुतीसह देवाला कळवाव्यात असे म्हणतो. त्यानंतर जे सत्य, न्याय्य आणि श्रवणीय आहे त्याचे मनन आणि शिकलेल्या गोष्टींचे आचरण येते. प्रार्थना, उपकारस्मरण, मनन, आचरण असा हा चार पायऱ्यांचा क्रम आहे. यातली एकही पायरी भावनेची नाही. चारही कृती आहेत. शांती हा त्यांचा परिणाम म्हणून सांगितला आहे. पुढे पौल स्वतःविषयी लिहितो की विपुलतेत आणि टंचाईत सारखेच समाधानी राहण्यास तो शिकला. समाधान ही त्याला जन्मजात मिळालेली वृत्ती नव्हती. फटके, उपास आणि प्रवास यांतून गिरवलेला तो धडा होता.

या पत्राची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पौलाला मदत पाठवली. तो वाटेत किंवा पोहोचल्यावर मरणाच्या दारात जाईल इतका आजारी पडला. आपल्या आजाराची बातमी गावी कळली म्हणून तो कासावीस झाला, आणि त्याला परत पाठवले की आपले दुःखही हलके होईल, असे पौल मोकळेपणाने लिहितो. आपला सहकारी तीमथ्य याची शिफारस करताना, मंडळीची मनापासून काळजी वाहणारा असा दुसरा कोणी नाही, असे तो म्हणतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सर्व मंडळ्यांच्या काळजीचा भार रोज आपल्यावर असतो, असे त्याने नोंदवले आहे. चिंता करू नका म्हणणाऱ्या पौलाचे काळीज इतरांसाठी असे सतत जागे आहे. स्वतःच्या उद्याभोवती फिरणारी चिंता त्याने सोडली होती आणि तिची जागा माणसांच्या आजच्या गरजेने घेतली होती. ख्रिस्ती आनंद बेफिकिरीपासून वेगळा होतो तो येथे.

भरवसा आणि हिशेब

या शिकवणीचा कस संस्था चालवताना लागतो, कारण तेथे शेकडो ताटे रोज वाढायची असतात. जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) या प्रशियात जन्मलेल्या धर्मसेवकाने १८३६ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथाश्रम सुरू केला. कोणाकडेही व्यक्तिशः पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त प्रार्थनेत मांडायची, असा त्याचा नेम होता. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथे पाच इमारती उभ्या राहिल्या आणि २,०५० मुलांची सोय झाली. म्यूलर आलेल्या देणग्यांचा काटेकोर हिशेब ठेवी आणि वार्षिक अहवालात तो छापत असे. देवावर भरवसा आहे म्हणून हिशेब नको, असे त्याला कधी वाटले नाही. पै-पैचा जमाखर्च हा त्याच्या भरवशाचाच एक भाग होता.

म्यूलरचे आत्मवृत्त वाचून प्रभावित झालेल्यांत पंडिता रमाबाई होत्या. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना चिंतेचे कारण नव्हते असा काळ आयुष्यात फारसा आलाच नाही. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारल्याने मनाला निश्चिंती आली नाही. ती त्यानंतर काही वर्षांनी आली, असे त्यांनी आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिले आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. त्याला अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न रमाबाईंपुढे होता. त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खोदवल्या, फळझाडे लावली. झाडे उत्पन्न देऊ लागण्याआधीच १८९६–९७ चा दुष्काळ आला. ज्यांनी दुष्काळात स्वतःचे घर गमावले होते, त्या रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि बायकांना घेऊन आल्या. पदरी पैसा किती आणि ताटे किती, याचा मेळ त्या वेळी बसणारा नव्हता. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावच्या ‘मुक्ती’ या आश्रमातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गाईम्हशी, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. १९०५ मध्ये तेथे मोठी धार्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करीत, गात. दैनंदिन काम मात्र चालूच राहिले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच बायकांच्या हातांनी खिळे जुळवून छापले गेले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते पुरे छापून झाले.

रमाबाईंच्या आयुष्यात चिंता आणि उत्कटता यांचे नाते स्पष्ट दिसते. दुष्काळाची भीती त्यांनी पुसून टाकली नाही. तिची आठवण होती म्हणूनच त्या रेल्वेने मध्य प्रांतात गेल्या. जी भीती माणसाला घरात कोंडून ठेवते, तिनेच येथे पाय बाहेर काढले.

एकाची निश्चिंती, दुसऱ्याचा भार

मराठी ख्रिस्ती साहित्यात या विषयाची दुसरी, तितकीच महत्त्वाची बाजू लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवली आहे. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पैशाच्या बाबतीत ते विलक्षण मोकळे होते. हातात आलेला पैसा गरजूला, पुस्तकाला किंवा एखाद्या लहरीला जाई. घरात कोणीही येऊन राही, कितीतरी अनाथ आणि होतकरू मुले त्यांच्या छपराखाली वाढली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पाखरांचा दाखला शब्दशः जगलेला असा मराठी माणूस दुसरा दाखवणे कठीण आहे.

पण पाखरांना संसार नसतो. टिळकांच्या संसाराचा मेळ लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) घालत होत्या. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुढे सोवळेओवळे आणि जातीची बंधने एकेक करून सोडत त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही ओढाताण इतक्या खेळकरपणे आली आहे की वाचकाला आधी हसू फुटते आणि मग त्यामागचे दुःख कळते. विश्वासाच्या नावाने एक माणूस निश्चिंत होतो तेव्हा त्याची चिंता कधीकधी दुसऱ्याच्या, बहुधा बायकोच्या, पदरात पडते, हे या पुस्तकाइतके स्पष्ट कोठे दिसत नाही. ख्रिस्ती शिकवणीची खरी कसोटी येथे लागते. देवावर टाकलेला भार प्रत्यक्षात घरातल्या दुसऱ्या माणसावर जात असेल, तर तो टाकलेलाच नाही.

लक्ष्मीबाईंनी स्वतः या कोंडीतून काढलेली वाट हास्याची आणि कामाची होती. त्या रागावतात, भांडतात, रडतात आणि दुसऱ्याच वाक्यात स्वतःवर हसतात. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचे शिक्षण नसलेल्या बाईने उतारवयात केलेले हे धाडस आनंदाशिवाय होणारे नव्हते. टिळकांची निश्चिंती काहीशी स्वभावातून आली होती. लक्ष्मीबाईंचा आनंद कमावलेला होता, आणि पौल ज्याला शिकणे म्हणतो त्याला तो अधिक जवळचा आहे.

आजार आणि विश्वास

चिंता ही जशी वृत्ती असते, तसा तो आजारही असू शकतो. छातीत सतत धडधड, झोप उडणे, कारण नसताना वाटणारी धास्ती ही लक्षणे महिनोन्‌महिने टिकतात तेव्हा उपदेश पुरत नाही. समुपदेशन आणि औषधोपचार लागतात. मंडळीत अशा माणसाला विश्वास कमी पडल्याचे सांगितले गेले, तर त्याच्या मूळ भारात अपराधाची भर पडते. बायबलमध्ये याचे उत्तर एलीया संदेष्ट्याच्या कथेत आहे. ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला आणि एका झाडाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. झोपू दिले, उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. देवाशी संवाद झाला तो त्यानंतर, होरेब पर्वतावर.

ख्रिस्ती इतिहासही हेच सांगतो. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) यांनी जॉन न्यूटन यांच्याबरोबर केलेला स्तोत्रसंग्रह १७७९ मध्ये निघाला. त्यातली गीते आजही गायली जातात, पण कूपर यांचा विषाद मरेपर्यंत सुटला नाही. लंडनचे प्रख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन (१८३४–१८९२) यांनी आपल्या खिन्नतेविषयी विद्यार्थ्यांपुढे उघडपणे व्याख्यान दिले. त्यांच्या विश्वासाविषयी कोणी शंका घेत नाही. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार केंद्राने रुग्णासोबत घरच्या माणसांनी राहण्याची पद्धत रुजवली. आजारी माणसाला एकटे न सोडणे हा तेथे उपचाराचाच भाग आहे. विश्वास ठेवला की आरोग्य आणि पैसा हमखास मिळतो, ही शिकवण मात्र गालीलातल्या रोजंदारांना सांगितलेल्या गोष्टीच्या नेमकी उलट आहे. ती माणसाला पुन्हा साठ्याच्या भरवशावर नेऊन बसवते.

रोजचा अभ्यास

या सर्वांतून ख्रिस्ती जीवनासाठी जो अभ्यास निघतो तो लहान लहान कृतींचा आहे. पहिली कृती दिवस मोजून घेण्याची. सकाळच्या प्रार्थनेत त्या दिवसाचीच कामे आणि भीती नाव घेऊन मांडणे, आणि रात्री मिळालेल्या गोष्टींची उपकारस्तुती करणे. दुसरी विसाव्याची. रविवार राखणे म्हणजे आपण थांबलो तरी जग चालते, याची आठवड्यातून एकदा कबुली देणे. तिसरी तजविजीची. मुलांची फी, आजारपणाचा विमा, शेतीचे कर्ज यांचा हिशेब कागदावर मांडून घरातल्या दोघांनी मिळून तो वाहणे, म्हणजे एकाच्या भक्तीची किंमत दुसऱ्याला चुकवावी लागणार नाही. चौथी देण्याची. मासेदोनियातील मंडळ्यांनी दारिद्र्यातही हात सैल सोडला, याची पौलाने मुद्दाम नोंद केली आहे. दिलेल्या पैशाची धास्ती उरत नाही, हा अनुभव घेतल्याशिवाय पटत नाही.

पाचवी कृती एकत्र गाण्याची. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहातून टिळकांची पदे आजही रविवारी गायली जातात. ज्याला त्या दिवशी गाता येत नाही, त्याच्यासाठी शेजारचा गातो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आत्म्यात उत्साही असण्याचा आणि आशेत आनंद करण्याचा उपदेश आहे, आणि लगोलग आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्याचा व रडणाऱ्यांबरोबर रडण्याचा आहे. उत्कटता आणि सहवेदना तेथे एकाच परिच्छेदात येतात. ज्याचे लक्ष स्वतःच्या उद्यात अडकलेले नसते, त्यालाच दुसऱ्याच्या आजच्या सुखदुःखात असे सामील होता येते. चिंतेवर मात केल्याची ख्रिस्ती अर्थाने दुसरी कोणतीही खूण सांगितलेली नाही.